स्वागत आहे, पण

पालिकेच्या नगररचना विभागात एक बाई होती. तिला सगळे ‘थोडक्यात बाई’ म्हणत. हे नाव तिला बिलकूल पसंत नव्हतं, पण पडलं होतं ते तिच्याच कामामुळे. पालिकेनं कुठलीही योजना जाहीर केली की लोकांकडून हरकती आणि सूचना यायच्या. त्या सगळ्या वाचून गोषवारा काढायचा आणि साहेबांपुढे ठेवायचा, हे तिचं काम. लोक पानंच्या पानं लिहीत, साहेब एका पानापलीकडे वाचत नसत, आणि या दोघांच्या मध्ये ती बसे. आजवर किती साहेब आले नि गेले, पण प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असायचं, “हं, थोडक्यात सांगा बाई.”

गंमत म्हणजे ती स्वतः बोलायला लागली की थोडक्यात कधीच आटपत नसे.

नोकरीला लागली तेव्हा ती टंकलेखक होती. टंकयंत्रं गेली, तेव्हा तिला तात्पुरतं म्हणून सुनावणी शाखेत बसवलं, आणि ते तात्पुरतं संपायच्या आत तिचे केस पिकायला लागले. शाखा म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. खिडकी वाहनतळाच्या पत्र्यांवर उघडायची, त्यामुळे दुपारी तापलेल्या पत्र्याची झळ सरळ तिच्या टेबलावर. पंखा लावला की कागद उडत, बंद केला की जीव जाई. म्हणून तिनं प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक गंजकं कुलूप ठेवलं होतं. समोरच्या टेबलावर आवक-जावकचे गृहस्थ बसत. त्यांनाही नावानं कोणी हाक मारत नसे, ‘आवक-जावक’ असंच म्हणत. दिवसभर शिक्के मारता मारता ते मध्येच एखादं वाक्य टाकत आणि पुन्हा शिक्के मारायला लागत.

घरी नवरा, त्याचं चष्म्याचं दुकान, आणि तिची आई. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच राहायची. शेजारच्या गावात आईची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली होती. दर आठवड्याला आई बसनं तिला भेटायला जायची. बसस्टँड घरापासून हाकेच्या अंतरावर होता, म्हणूनच हे जमत होतं.

आणि नेमका तोच स्टँड गावाबाहेर, वळणरस्त्यावर हलवायची योजना पालिकेनं काढली.

हरकती आल्या त्या पोत्यांनी. कुणी टंकून पाठवलं होतं, कुणी वहीची पानं फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं, एका निवृत्त अभियंत्यानं तर नकाशे जोडून अख्खा ग्रंथच पाठवला होता. एवढं वाचायचं म्हणजे एरवी तिला महिने लागले असते. पण नवीन साहेबांना घाई होती आणि त्यांच्याकडे उपायही होता. पालिकेनं संगणकावर एक सहायक घेतला होता. त्याला कागद द्यायचे, काय हवं ते सांगायचं, तो उत्तर लिहून देतो, असं परिपत्रकात म्हटलं होतं.

“बाई, तुमचे कष्ट वाचणार आता,” साहेब म्हणाले. “तुम्ही फक्त कागद स्कॅन करून द्यायचे.”

“आणि वाचायचं कोणी?”

“तोच वाचेल की.”

तिनं स्कॅन केले. एकेक पान काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. पण वर्षानुवर्षांची सवय, पान हातात आलं की डोळे त्यावरून फिरायचेच. स्कॅन संपेपर्यंत पत्रांत काय आहे याचा तिला बऱ्यापैकी अंदाज आला होता. मग तिनं सहायकाला लिहिलं, ‘या सर्व हरकतींचा गोषवारा दे.’

आवक-जावकांचा शिक्का शाईत बुडून वर यायच्या आत उत्तर आलं. भाषा अशी की एखाद्या उपसचिवाला हेवा वाटावा. पहिलंच वाक्य होतं, ‘बहुतांश नागरिकांनी योजनेचे स्वागत केले असून वाहतूक व्यवस्थेबाबत काही उपयुक्त सूचना केल्या आहेत.’

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाक्य तेच होतं.

“स्वागत?” ती मोठ्यानं म्हणाली. “कोणी केलं स्वागत?”

ते कसं झालं हे कळायला तिला दुपार लागली. आपल्या माणसांची लिहायची रीतच अशी. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याला आधी दोन शब्द बरे बोलायचे. प्रत्येक दुसरं पत्र ‘योजनेचं मनापासून स्वागत आहे, शहराचा विकास व्हायलाच हवा’ असं सुरू होत होतं. त्यानंतर ‘पण’ येत होतं, आणि त्या ‘पण’च्या पुढे चार पानं. सहायकानं स्वागत घेतलं होतं आणि चार पानांची ‘काही उपयुक्त सूचना’ करून टाकली होती.

पण खरा कळस पुढे होता. एका निवृत्त कंडक्टरनं लिहिलं होतं, ‘वा, काय योजना आहे! आता म्हाताऱ्यांना रोज सकाळी वळणरस्त्यापर्यंत चालण्याचा व्यायाम मिळेल. ओझं उचलल्यानं दंडही मजबूत होतील. पालिकेचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.’ गोषवाऱ्यात त्याचं झालं होतं, ‘योजनेमुळे ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यास लाभ होईल, असे मत एका माजी वाहकाने नोंदवले असून पालिकेचे आभार मानले आहेत.’

तिनं हे आवक-जावकांना वाचून दाखवलं. त्यांचा शिक्का हवेतच राहिला.

“ध चा मा म्हणतात तो हाच,” ते म्हणाले.

तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं दोन्ही हातांनी, जुन्या टंकयंत्रावर मारायची तसे जोरजोरात ठोके मारत लिहिलं, ‘तू पत्रं वाचलीस का? “पण”च्या पुढचं सगळं कुठे गेलं? लोक चिडलेत आणि तू स्वागत काय लिहितोस?’

उत्तर तत्काळ आलं. ‘आपली नाराजी अगदी रास्त आहे. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. सुधारित गोषवारा पुढीलप्रमाणे.’ आणि खाली, ‘नागरिकांनी योजनेस तीव्र विरोध दर्शवला असून जनमानसात प्रचंड संताप आहे.’

तिनं कपाळाला हात लावला. “अरे, संताप माझ्या डोक्यात आहे,” ती पडद्याला म्हणाली, “पत्रांत नाही.”

खरंच नव्हता. पत्रांत काळजी होती, टोमणे होते, विनवण्या होत्या, अभियंत्याच्या पत्रात तर नुसती मापं होती. प्रचंड संताप म्हणावा असं एखाददुसरंच पत्र होतं, आणि तेही मुळात शेजाऱ्याच्या गॅलरीबद्दल होतं.

“तुम्ही रागावलात म्हणून त्यानं लोकांनाही रागावून टाकलं,” आवक-जावक म्हणाले. “आपल्याकडे नवीन लागलेली माणसं काय वेगळं करतात? साहेबाचा चेहरा बघायचा आणि टिपणी लिहायची.”

हे तिला लागलं. त्या माणसाचं बोलणं नेहमी असं, अर्धं चेष्टेत, आणि नंतर घरी जाताना आठवायचं.

घरी तिनं नवऱ्यापुढे सगळं ओकलं. तो एका चष्म्याची काडी बसवत होता. “हं,” तो म्हणत होता, अधूनमधून. शेवटी म्हणाला, “दुकानात माणूस येतो, म्हणतो चष्म्यातून नीट दिसत नाही. मी विचारतो, काय दिसत नाही? लांबचं की जवळचं? मग बोलतो तो. ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावर नंबर काढता येत नाही. तू त्याला काय सांगितलंस, गोषवारा दे. कसला? कुणासाठी?”

“म्हणजे चूक माझीच.”

“असं कुठं म्हणालो मी?”

“म्हणालात. थोडक्यात तेच म्हणालात.”

आई आतून हे ऐकत होती. बाहेर आली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, “माझं पत्र सापडलं का गं त्यात?”

“तुझं पत्र?”

“दिलंय मी. आवक-जावकात. शिक्का मारून पोच घेतलीय.”

“आई, मी त्याच कार्यालयात बसते. मला सांगितलं का नाहीस?”

“तुला कशाला सांगू? तू पालिकेची माणूस.”

दुसऱ्या दिवशी तिनं सर्वांत आधी आवक-जावकांकडे बघितलं. ते खाली मान घालून शिक्के मारत राहिले. आईचं पत्र गठ्ठ्यात होतं. सहा पानी, जांभळ्या शाईतलं. ती डबा खायला गेली असताना ते आवक-जावकांनीच स्कॅन करून ठेवलं असणार, म्हणून अक्षर तिच्या नजरेला पडलं नव्हतं. ती तडक साहेबांकडे गेली आणि म्हणाली की गठ्ठ्यात माझ्या सख्ख्या आईची हरकत आहे, काम दुसऱ्या कोणाला द्यायचं तर द्या.

साहेबांनी फायलीतून डोकं वर काढलं नाही. “बाई, अर्ध्या गावाच्या आया असतील त्यात. करा तुम्हीच.”

मग तिनं काम पहिल्यापासून धरलं. यावेळी सगळा गठ्ठा एकदम दिलाच नाही. एकेक पत्र द्यायचं. प्रत्येक वाक्यापुढे पत्राचा क्रमांक आणि पान लिहायला लावायचं. लिहिणाऱ्याचं म्हणणं शक्यतो त्याच्याच शब्दांत. ‘बहुतांश’, ‘अनेक’, ‘काही’ हे शब्द तिनं बंदच करून टाकले. किती जण ते मोज, नाहीतर लिहू नकोस. आणि जिथे कळत नाही तिथे कळत नाही असं लिही, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस. हे शेवटचं तिला दिवसातून कितीदा तरी लिहावं लागे, कारण एका पत्राला सांगितलेलं पुढच्या पत्राला त्याला आठवेलच असं नव्हतं. शेवटी तिनं सगळ्या सूचना एका कागदावर टंकून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी तोच मजकूर आधी त्याच्यापुढे टाकायला सुरुवात केली. नुकत्याच लागलेल्या कारकुनाला रोज सकाळी तेच ते सांगावं तसं.

फरक पडला. कंडक्टरच्या पत्रापुढे आता त्यानं लिहिलं, ‘मजकूर शब्दशः प्रशंसेचा आहे, परंतु उपरोध असण्याची शक्यता आहे. मूळ शब्द खाली दिले आहेत. कृपया आपण पाहावे.’

“शक्यता म्हणे,” ती म्हणाली. पण बरं वाटलं तिला.

मग आईचं पत्र आलं. गोषवारा होता, ‘एका ज्येष्ठ महिलेने बसस्थानकाशी निगडित आपल्या हृद्य आठवणी मांडल्या आहेत. (पान १ ते ६)’

संध्याकाळी आईनं विचारलं, “काय लिहिलंय माझ्याबद्दल?” सांगायला नको होतं, पण ती सांगून बसली.

आईनं हातातल्या चादरीची घडी अर्धीच टाकली. “हृद्य आठवणी?”

“त्यानं लिहिलंय, मी नाही.”

“मी आठवणी लिहिल्या? मी विचारलंय पालिकेला. शेवटच्या गाडीनं उतरलेल्या बाईनं त्या वळणरस्त्यावरून घरी कसं यायचं, हे विचारलंय. पायातलं बळ गेलेल्या माणसानं गाडी सुटायच्या आत तिथे पोचायचं कसं, हे विचारलंय. आठवणी म्हणजे काय, मी काय वाढदिवसाचं भाषण केलं?”

“अगं, तू सुरुवात कुठून केलीस ते बघ ना. तू लग्न होऊन या गावात आलीस, ट्रंक कोणी उतरवली, बाबा कसे धावत आले. नमनालाच घडाभर तेल. प्रश्न आहेत पाचव्या पानावर.”

“मग पाचवं पान वाचायचं नाही का?”

तिनं अर्धी राहिलेली चादर उचलून घडी घातली. आई दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली, तेही नवऱ्यामार्फत.

तिनं पुन्हा सहायकापुढे बसून लिहिलं, ‘पत्रात प्रश्न विचारला असेल तर गोषवाऱ्यात तो प्रश्नच राहिला पाहिजे. प्रश्नाचं मत करू नकोस, आठवण करू नकोस. आणि प्रत्येक पत्रातलं काय गाळलंस तेही खाली लिही.’ हे लिहिल्यावर गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागला. मान अवघडली, डोळे चुरचुरायला लागले. साहेबांकडून रोज निरोप यायचा, झालं का? यंत्र आणल्यावर काम लवकर व्हायला हवं ना? तिला वाटायचं, एकदा या माणसाला खुर्चीवर बसवावं आणि म्हणावं, घ्या, तुम्हीच विचारा त्याला.

आणि मग जे झालं त्यानं तिची उरलीसुरली शांतीही गेली. एका पत्रापुढे सहायकानं लिहिलं, ‘स्थलांतरास पाठिंबा. तीन अटी.’

पाठिंबा कोणाचाच नव्हता, याची तिला खात्री होती. तिनं ताबडतोब लिहिलं, ‘पुन्हा सुरू झालं तुझं. असं पत्रच नाही.’

यावेळी त्यानं माफी मागितली नाही. ‘आपण पुन्हा पाहावे. पान दुसरे, मागील बाजू,’ एवढंच उत्तर होतं, आणि खाली पत्रातल्या चार ओळी जशाच्या तशा.

तिनं कुलूप बाजूला केलं, पत्र काढलं, उलटलं. मोठ्या इस्पितळातल्या परिचारिकांनी लिहिलं होतं. पहिल्या पानावर स्टँडबद्दलच्या तक्रारीच तक्रारी होत्या. स्टँडच्या मागचा बोळ, तिथला अंधार, दारू पिऊन पडलेली माणसं, पहाटेच्या पाळीला जाताना जीव मुठीत धरून चालणं. ते वाचून तिनं हीसुद्धा हरकतच म्हणून पुढे ढकललं होतं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘म्हणून आम्हाला नवीन जागा हवी आहे. ती इस्पितळाच्या जवळ आहे. मात्र तिथे दिवे, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि गावातून ये-जा करणारी छोटी गाडी, एवढं आधी झालं पाहिजे.’

तिनं ते पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तिला स्टँड हलायला नको होता. आईसाठी नको होता. आणि जे नको होतं ते तिनं वाचलंच नव्हतं. एरवी असं काही झालं की ती सहायकावर चिडत असे. आता चिडायला कोणी नव्हतं, म्हणून ती आवक-जावकांवर चिडली की खिडकी कशाला उघडी ठेवता.

“बंदच आहे,” ते म्हणाले.

अहवाल झाला. नऊ पानांचा, आणि वर एका पानाचा सारांश. प्रत्येक वाक्याला पत्र आणि पान. कोणाचा विरोध, कोणाचा अटींवर पाठिंबा, कोणाचे फक्त प्रश्न, आणि उपरोध असेल तिथे मूळ शब्द. तिनं प्रत्येक वाक्य मूळ पत्राशी ताडून पाहिलं होतं. साहेबांनी अहवाल हातात घेऊन त्याचं वजन केल्यासारखं केलं.

“हं. थोडक्यात सांगा बाई.”

“वरचं पान थोडक्यातच आहे, साहेब.”

“बरं, बघतो.”

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. आई नवऱ्याबरोबर येऊन चौथ्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर सुनावणीच्या अध्यक्षबाई होत्या, शेजारी साहेब, आणि खाली टेबलाशी ती. साहेब उठले, खिशातून मोबाईल काढला आणि वाचू लागले, “प्राप्त हरकतींचा सारांश असा. बहुतांश नागरिक योजनेबाबत सकारात्मक असून, सोयीसुविधांविषयी काही सूचना…”

तिला पुढचं ऐकूच आलं नाही. नंतर कळलं ते असं. त्या सकाळी साहेबांच्या टेबलावर इतर बैठकांचे कागद होते, वाचायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तिचा नऊ पानांचा अहवाल मोबाईलवरच्या दुसऱ्याच एका सहायकाला दिला होता आणि सांगितलं होतं, तीन ओळींत दे.

मागच्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला. “साहेब, मी स्टँडवर आयुष्य काढलं, कंडक्टर होतो. ते बहुतांश नागरिक आज आलेत का? मला त्यांना भेटायचंय.”

हशा झाला, पण तो चांगला नव्हता. कोणीतरी ओरडलं, “हा सारांश काढला कोणी?”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. अहवालाखाली नाव तिच्या शाखेचं होतं. तिला उठावंच लागलं. तिनं टेबलावरची आपली प्रत उचलली.

“अहवाल मी केलाय,” ती म्हणाली. “वाचला गेला तो माझा नाही.”

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. “तुमचा असेल तो वाचा.”

तिनं वरचं पान वाचलं. कंडक्टरचे शब्द आले तसे सभागृहात लोक हसले, यावेळी मोकळेपणानं, आणि तो माणूस मिशीवरून हात फिरवत खाली बसला. मग तिनं परिचारिकांचं वाचलं, आणि सगळं वातावरण पालटलं. “पाठिंबा कोणाचा? कोण आहेत या?” लोक उठून उभे राहिले. भिंतीशी टेकलेली एक बाई पुढे आली, इस्पितळाच्या गणवेशात, पाळी संपवून आलेली. “आम्ही आहोत,” ती म्हणाली. “तुम्ही उठायच्या आधी आम्ही त्या बोळातून जातो. एकदा या आमच्याबरोबर.” बराच वेळ गोंधळ चालला. कंडक्टर आणि परिचारिका यांच्यात सरळ वाद झाला, मध्ये साहेबही नाहीत आणि सारांशही नाही. टेबलाशी उभी राहून ती हे बघत होती. तिला वाटलं, आता स्टँड हलणार, आणि आई म्हणणार माझ्या मुलीनंच हलवला.

शेवटी तिनं प्रश्न वाचले, विचारणाऱ्यांची नावं न घेता. अध्यक्षबाईंनी प्रत्येक प्रश्न लिहून घेतला आणि निर्णय दिला की पालिकेनं सगळ्यांना लेखी उत्तरं द्यावीत, त्याशिवाय योजना पुढे जाणार नाही.

घरी जाताना आई म्हणाली, “माझे चार प्रश्न होते. दोनच वाचलेस.”

“तीन एकच होते आई, शब्द तेवढे वेगळे.”

“एकच कसे? एक पायांचा, एक अंधाराचा, एक औषधांच्या पिशवीचा.”

“पिशवीचा पायांच्यातच येतो.”

“तुझ्या आणि त्या यंत्राच्या हिशेबानं येत असेल,” आई म्हणाली, आणि पुढे चालू लागली. पण अबोला संपला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. ती भांडायच्या तयारीनंच गेली. ते म्हणाले, “काल माझी चूक झाली, बाई. मला वाटलं, नऊचं तीन केलं तर काय बिघडतं.” भांडणाचं कारणच गेलं, आणि त्याचाही तिला वैतागच आला. “तुम्ही त्याच्याकडून हे कसं करून घेतलंत ते जरा लिहून द्या,” साहेब म्हणाले. तिनं सूचनांचा तो कागद नीट टंकून दिला. पंधरवड्यात तो साहेबांच्या सहीनं परिपत्रक होऊन सगळ्या विभागांना गेला. सगळ्या विभागांनी तो वाचला की नाही माहीत नाही, पण आपापले गठ्ठे मात्र तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. पाणीपुरवठा, उद्यानं, भटकी कुत्री. खोलीत कुलपं कमी पडायला लागली.

स्टँडचा निर्णय लागायला बरेच महिने गेले. लांब पल्ल्याच्या गाड्या वळणरस्त्यावर गेल्या, जवळपासच्या गावांच्या जुन्याच जागी राहिल्या. मावशीच्या गावची गाडी राहिली. कंडक्टर राहायचा त्या बाजूच्या गाड्या मात्र गेल्या, आणि त्यानं पुन्हा एक पत्र लिहिलं, ते तिनं स्वतः वाचलं आणि एकटीच हसली. जुन्या स्टँडमागच्या बोळात दिवा लागला. नवीन स्टँडचं उद्घाटन झालं तेव्हा तिला आमंत्रण नव्हतं.

एका संध्याकाळी काम सुटल्यावर ती मुद्दाम छोट्या गाडीत बसून तिकडे गेली. गाडी होती, वेळेवर होती. परिचारिका उतरत होत्या, गप्पा मारत इस्पितळाकडे निघाल्या होत्या. दिवे लागले होते, चांगले लख्ख. ती स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, किल्ली ठेकेदाराकडे. ठेकेदार कुठे, तर ते त्याला माहीत नव्हतं. तिनं पर्समधून मोबाईल काढला, साहेबांचा नंबर लावला, आणि त्यांनी ‘हं’ म्हणायच्या आत बोलायला सुरुवात केली.